विहीणबाईंकडची डिस्क

माझे बाबा वाकडे बूट शिवतात. पाऊल सरळ पडायचं तर बूट वाकडा हवा, असं ते प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात आणि स्वतःच हसतात. कुणाची टाच किती उचलायची, कुणाच्या अंगठ्याला कुठे जागा सोडायची, सगळी चित्रं कॉम्प्युटरवर. त्यातली कितीतरी माणसं आता पुन्हा माप द्यायला येऊ शकत नाहीत.

एकदा कॉम्प्युटरवर पाणी सांडलं, तेव्हापासून बाबा ताकही फुंकून पितात. घरालाच आग लागली तर? म्हणून एक कॉपी माझ्या सासरी. दर महिन्याला नवी डिस्क आणायची, चहा प्यायचा, जुनी न्यायची.

काही महिन्यांपूर्वी सासूबाईंनी नवी घेतली, जुनी मात्र दिली नाही. "राहू दे की. पुढच्या वेळी न्या." बाबांनी मला फोनवर ऐकवलं, "तुझ्या सासूला काय करायचेत लोकांचे पाय?" बाप आणि सासू यांच्यामध्ये कोण पडेल?

नेमका त्याच आठवड्यात कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. बाबा आमच्याकडे आले, नवी डिस्क लावली, तर एकही चित्र उघडेना. त्यांनी फाइलींऐवजी शॉर्टकट कॉपी केले होते. पत्ते आले, घरं तिकडेच राहिली. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"चालायचं कसं गं त्यांनी?" एवढंच म्हणाले.

सासूबाईंनी आतून जुनी डिस्क आणली. ती लावली आणि शेवटची दोन-तीन मापं सोडून सगळे पाय परत आले. माझा जीव भांड्यात पडला.

"तुम्ही चहा घेता ना, तेवढ्यात मी आत लावून बघते," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. "आपल्या घरात काय ठेवलंय ते कळायला नको? या वेळी काहीच उघडलं नाही. पण सांगितलं असतं, तर चोरून बघते हे कळलं असतं. म्हणून जुनी ठेवून घेतली."

"विहीणबाई, बघायचं काम माझं होतं," बाबा म्हणाले. "मी एकदाही उघडून बघितली नाही."

आता दोघं शेजारी बसून डिस्क तपासतात. "या आजींची टाच कशी आहे आता?" सासूबाई विचारतात. बाबा खुशीत सांगत बसतात, चहा गार होतो आणि पुन्हा गरम मलाच करावा लागतो.

परवा बाबा निघाले, तेव्हा सासूबाईंनी स्वतःची एक छोटी डिस्क त्यांच्या हातात ठेवली. सासऱ्यांचे फोटो आहेत त्यात.

"तुमच्याकडे असू द्या," त्या म्हणाल्या. "आणि खुशाल उघडून बघा."