पहिल्या नंबराचं गाणं

माझ्या श्रीरंगमामाला एखादी गोष्ट नुसती आवडली, असं कधी झालं नाही. तिचा नंबर लागल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आगाशीत यंदाच्या लग्नांमध्ये कुणाकडची भाजी पहिली, कुठल्या वाडीतली राजेळी केळी दुसरी, गणपतीच्या आरतीत सर्वांत बेसूर कोण, सगळं तो ठरवून मोकळा. नोकरीही त्याला साजेशीच मिळाली होती. तो शाळेत लेखनिक होता. मुलांचे निकाल लिहून लिहून याच्या डोळ्यांना गुणपत्रिकाच चिकटली आहे, असं माझी आई म्हणायची. आई म्हणजे सुमन, त्याची पाठची बहीण. तिला लहानपणी त्याने भावंडांत दुसरा नंबर दिला होता. भावंडं दोनच.

पण त्याचं खरं वेड गाण्यांचं. तेही बायकांनी गायलेल्या, आणि तेही जुन्या. पन्नास ते सत्तर सालापर्यंतच्या गायिका म्हणजे त्याच्या लेखी देव्हारा, पुढचं सगळं प्रसादाला आलेलं. त्या गायिकांची नावं मी इथे घेत नाही. घेतली की आमच्याकडे अजूनही भांडण पेटतं. दर दिवाळीच्या पाडव्याला सकाळी वाचनालयाच्या ओट्यावर मामाचा कार्यक्रम असे. त्याने निवडलेली दहा गाणी, दहाव्यापासून पहिल्यापर्यंत, मध्ये मामाचं बोलणं. लोक फराळाची ताटं आटोपून, नवे कपडे घालून यायचे. पहिलं गाणं कुठलं, यावर पैजा लागायच्या. गाणं संपलं की टाळ्या पडायच्या, मामा बटण दाबून टेप बंद करायचा आणि नमस्कार करायचा. वर्षभरात तो ताठ उभा राहायचा तो तेवढाच.

त्याचं मार्क देण्याचं शास्त्र होतं. उच्चाराला इतके, श्वास कुठे घेतला त्याला इतके, मुरकीला इतके. जेम्सकाका त्याचा शाळेपासूनचा मित्र, शेजारच्या नंदाखाल गावचा, चर्चच्या गायनमंडळात गाणारा. त्याचं शास्त्र सोपं होतं. "अंगावर काटा आला का? आला, तर पहिली. नाय आला, तर घरी जा." दोघांच्या आवडत्या बाई वेगळ्या. त्यामुळे नवरात्र संपलं की मामाच्या ओटीवर यांची जुंपायची, ती पाडव्यापर्यंत.

आजी अंगणात सुकेळी वाळत घालता घालता हे सगळं ऐकायची. मनोरमा तिचं नाव. सोललेली केळी उन्हात मांडायची, उलटायची, संध्याकाळी झाकायची आणि कावळ्यांना शिव्या द्यायची. आमच्या वाडीच्या बोलीत 'स'चा 'ह' होतो. शाळेत गेलेल्यांचा सुटला, आजीचा शेवटपर्यंत सुटला नाही. "नंबर कशाला लावता रे?" ती म्हणायची. "हगळी गोडच."

आता आजीबद्दल सांगायला हवं. ती आमच्या भागातल्या लग्नांत गाणी म्हणायची. मांडव घालताना, हळद दळताना, हळद लावताना, मुलगी निघताना, प्रत्येक वेळेचं गाणं वेगळं आणि सगळी तिला तोंडपाठ. बोळिंजपासून अर्नाळ्यापर्यंत आमच्या लोकांत मनोरमाबाई आल्याशिवाय हळदीची वाटी कुणी उचलत नसे. आवाज काही मधाळ नव्हता. थोडा खरखरीत, पण अंगणाच्या टोकापर्यंत जाणारा. आईने तिच्या मागे म्हणायचा प्रयत्न केला, पण तिला अर्धंमुर्धंच यायचं. 'आये आहे ना,' असं म्हणून सगळ्यांनीच शिकायचं टाळलं.

मामाने दोन कॅसेटींचा मोठा टेपरेकॉर्डर घेतला, तेव्हा पहिल्या उत्साहात त्याने आजीला अंगणात बसवलं आणि तिची सगळी गाणी भरून घेतली. कॅसेटच्या दोन्ही बाजू. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीत आजोळी आले होते. आजी आधी लाजली, मग सुटली ती थांबेचना. मध्येच कावळा ओरडला की "मेल्या" म्हणायची आणि पुढची ओळ घ्यायची. झाल्यावर मामाने स्क्रूड्रायव्हरने कॅसेटच्या पाठीचे दोन्ही दात मोडले. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. "आता ब्रह्मदेव आला तरी हे पुसणार नाही," तो म्हणाला होता. ब्रह्मदेव आलाच नाही, त्याची गरजच पडली नाही.

नव्याण्णव सालची दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जेम्सकाका फराळाला आला आणि दोघांची नेहमीची जुंपली. त्या वर्षी काय झालं कोण जाणे, मामाला त्याचं पटलं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा, आणि शेवटचं, जेम्सकाकाच्या बाईंना पहिला नंबर दिला. त्याबरोबर खालचे नंबरही हलले, म्हणजे सगळी कॅसेट पुन्हा भरणं आलं. गाणी आधी भरलेल्या कॅसेटवरूनच उतरवायची होती, म्हणून तिच्यावर भरता येईना, आणि घरात कोरी कॅसेट नव्हती. बाजारात दुकानदार वह्यांच्या पूजेला बसलेले. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी सकाळी. मामाने कपाट उपसलं आणि आजीची कॅसेट काढली.

चुकून नाही. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर लोकांनी त्याच्या वतीने 'चुकून' म्हणायला सुरुवात केली. त्याला पुरतं माहीत होतं ती कुठली कॅसेट आहे ते. मोडलेल्या दातांच्या जागी सेलोटेप चिकटवली की कॅसेट पुन्हा भरता येते, ही युक्ती तेव्हा गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक होती. वसुंधरामामीने विचारलं, "अहो, आईंची गाणी आहेत ना त्यात?" तर म्हणाला, "आई कुठे पळून चाललीय? स्वयंपाकघरात तर आहे. दिवाळी झाली की नवीन भरतो, आणखी चांगली." त्याचं बोलणं खोटं नव्हतं. आजी खरंच तेव्हा स्वयंपाकघरात करंज्या तळत होती.

पाडव्याचा कार्यक्रम झकास झाला. जेम्सकाकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

दिवाळीनंतर भरतो म्हणाला, तर तुळशीचं लग्न आलं. मग आजीला खोकला झाला. मग शाळेच्या परीक्षा, मग लग्नसराई, आणि त्यात आजीच घरी सापडेना. घाई कुणालाच नव्हती, आजीला तर नव्हतीच. पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी ती चुलीपुढे कलंडली. अर्धांगवायूने उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचा. नंतर वर्षभर ती होती. सगळं समजायचं, बोलता मात्र येत नव्हतं. मामा शाळेतून आला की तिच्या खाटेशी बसायचा आणि रेडिओ लावायचा. गाणं सुरू झालं की ती भिंतीकडे तोंड करायची, असं मामी सांगते. मला ते खरं वाटत नाही, पण मामाला वाटतं, आणि त्याच्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

आजी गेल्यावर बाराव्याला कुणीतरी म्हणालं, "बरं झालं, श्रीने गाणी भरून ठेवलीत." मामाने मान हलवली. ती कशी हलली, हो की नाही, हे कुणी विचारलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं. आईचा एकच हट्ट होता. माझ्या हळदीला आजी हवी. ती नाही, तर तिचा आवाज हवा. ती आठ-आठ दिवसांनी मामाला फोन करायची, "दादा, कॅसेट काढून ठेवलीस ना?" मामा म्हणायचा, "आहे गं, आहे." कॅसेट होतीच की. या एका शब्दाच्या आडोशाने त्याने महिना काढला. मामी सांगते, त्या महिन्यात तो विरारपासून वसईपर्यंत जिथे जिथे आजी लग्नात गायली होती, त्या घरी जाऊन विचारत होता. कुणी भरून घेतलंय का? कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओत? व्हिडिओ होते, पण त्या सगळ्यांवर स्टुडिओवाल्याने सिनेमाची गाणी चढवली होती. आजी हात हलवताना दिसायची, ओठही हलायचे, आणि आवाज भलत्याच बाईचा.

हळदीच्या दुपारी मांडवात बायका जमल्या. मी पाटावर बसले. मामा टेपरेकॉर्डर घेऊन आला, खाली ठेवला आणि तसाच उभा राहिला. जेम्सकाका आणि त्याची बायको रोझमेरी केक घेऊन आले होते, तेही तिथेच होते. आईने हळदीची वाटी हातात घेतली आणि म्हणाली, "लाव, दादा."

"सुमन, ते नाही राहिलं," मामा म्हणाला. आणि सगळ्या बायकांसमोर त्याने सगळं सांगितलं. सेलोटेपपासून. आवाज कोरडा होता, निकाल वाचून दाखवताना असायचा तसा.

मला वाटलं, आई आता वाटी भिरकावणार. मला स्वतःलाच भिरकावावीशी वाटत होती. एवढं गाणं ऐकलेला माणूस, दुसऱ्यांच्या श्वासाला मार्क देणारा, आणि स्वतःच्या आईचा श्वास पुसून बसला. पण आई म्हणाली, "लाव तरी. माझ्या आयेला उठवून कोणाला बसवलंस, ते तरी ऐकू दे."

मामाने दुसरी बाजू लावली आणि टेप पुढे नेली. पहिल्या नंबराचं गाणं सुरू झालं. खोटं कशाला बोलू, गाणं सुंदरच होतं. जेम्सकाका मात्र जमिनीकडे बघत होता. पहिला नंबर मिळाल्याचं इतकं दुःख मी कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

गाणं संपलं. सवयीने मामाचा हात बटणाकडे गेला. आईने हळदीच्या हाताने तो धरला. का धरला, तिलाही सांगता येत नाही. "धर ना जरा दम," एवढंच म्हणाली.

टेप थोडी खरखरली. कावळा ओरडला. आणि आजी आली.

"पिवळी गो बाय, पिवळी झाली ओटी,
लेक निघाली माझी, हळद राहिली पाठी..."

एवढ्याच दोन ओळी. कॅसेटच्या शेवटाला, मामाची दहा गाणी जिथे संपली, त्याच्या पुढे उरलेल्या. दर वेळी गाणं संपताच, टाळ्यांतच तो बटण दाबायचा, म्हणून त्याने त्या पुन्हा कधी ऐकल्याच नव्हत्या. गाणं थांबलं, आणि आजी दम खाऊन म्हणाली, "झालं रे? आता हांग. तुझ्या त्या बायांत माझा कितवा नंबर?"

आणि मामाचा आवाज. तरुण, मजेत हसणारा. "आई, तुला कोण धरतंय त्यांच्यात!"

आजीही हसली. मग खट् झालं.

आईने पुढे वाकून माझ्या गालाला हळद लावली आणि त्या दोन ओळी म्हटल्या. बायकांनी उचलल्या. तेवढ्याच येत होत्या, म्हणून त्याच पुन्हा पुन्हा, माझी हळद पुरी होईपर्यंत. रोझमेरीआंटीही म्हणत होती.

मामा मांडवाच्या खांबाला टेकून खाली बसला होता. मनगटावर आईच्या बोटांची हळद तशीच. "धरायला हवं होतं गं," तो म्हणाला. कुणाला, ते कळलं नाही, कारण आमच्यापैकी कुणाकडेच तो बघत नव्हता. पाडव्याचा कार्यक्रम त्याने त्या वर्षापासून बंद केला.

त्या दुपारी मात्र त्याने टेप बंद केली नाही. कोरी पट्टी फिरत होती, आणि बायकांच्या गाण्यात तो टेपरेकॉर्डरला कान लावून बसला होता, ती आणखी काही म्हणते का ते ऐकत. पट्टी संपली तेव्हा बटण आपोआप वर आलं. ती पुढे काही बोलली नव्हती.