माराईनाचे शाबूत पडदे

समुद्रात बुड्या मारून जगणाऱ्या माराईनाच्या गावात दहा-बाराव्या वर्षी कानाचे पडदे फाडून घेतात. पोरानं खोल बुडी मारायची, कळ सोसायची. आत काहीतरी फुटतं, नाकाकानातून रक्त येतं, आठवडाभर ओसरीवर भोवळत पडायचं. मग समुद्रात कितीही खाली जा, कान दुखत नाहीत. पुढे बहिरेपण येतं, पण त्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं.

माराईनाला होतं. तिच्या आईला हाकच पोचत नसे, खांद्याला हात लावावा लागे. म्हणून बावीस वर्षांची झाली तरी तिनं पडदे जपले, आणि त्यापायी चार वावांच्या, म्हणजे चार पुरुष खोलीच्या, खाली ती कधी उतरू शकली नाही.

एके सकाळी लाहालीमामाचा माशांचा बांबूचा सापळा दहा वावांवर प्रवाळात अडकला. मामा खोकल्यानं बेजार.

"तू काढ," तो होडीतून ओरडला. "काढलास तर कान तुझे. नाहीतर उद्या कमरेला दगड बांधून मीच खाली सोडतो, पडदे फुटेपर्यंत. लाड पुरे झाले!"

"लागली पैज," माराईना म्हणाली.

सगळे कळ येईपर्यंत जात आणि दात आवळून पुढे रेटत. कळ आली की ती परते, एवढाच फरक. पण जांभई देताना कानात टक् होतं, म्हणजे घशाकडून पडद्यामागे एखादी बारीक वाट असणारच. बाहेरून पाणी पडद्याला रेटतं, तर आतून हवेनं रेटायचं, आणि तेही दुखायच्या आधी. कळ आल्यावर ती वाट मिटून जाते, हे तिनं आजवर दहा वेळा भोगलं होतं.

सापळ्याची दोरी धरून ती उतरली. हातभर गेली की नाक दाबायचं, हलकेच फुंकायचं. टक्. पुन्हा हातभर. टक्. चार वाव मागे पडले, सहा पडले, आणि तिला पाण्यातच हसू फुटलं. प्रवाळात अडकलेला सापळा तिनं सोडवला आणि ती सावकाश वर आली.

मामानं तिचं डोकं धरून दोन्ही कान तपासले. रक्ताचा थेंब नाही. तो पाठ फिरवून दोरी ओढू लागला आणि स्वतःशीच पुटपुटला, "जिंकली गं कार्टी. माझ्या वेळी कुणी का नाही सांगितलं?"

"ऐकलं मी, मामा," ती हळूच म्हणाली.

त्याच्या बहिऱ्या कानांना ते पोचलंच नाही. तेव्हा माराईनानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला आपल्याकडे वळवलं आणि सगळ्या समुद्राला ऐकू जाईल अशी ओरडली, "जिंकले, मामा! जिंकले!"