मटारचा सहावा डबा

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की उठून जाणारा माणूस मी. आज मीच सांगतोय, नात टाइप करतेय, आणि गालातल्या गालात हसतेय... हसू दे.

पन्नासच्या दशकात मी पुण्याच्या कॉलेजात अन्नशास्त्र शिकत होतो. डबाबंद पदार्थ, त्यातले जंतू, विषबाधा - हाच अभ्यास. ताई चिखलीला शेतकरी घरात दिलेली. दोनदा गर्भ पडलेला, आता कुठे सातवा महिना. आणि डोहाळा कसला, तर ऐन वैशाखात मटार! थंडीत प्रॅक्टिकलला भरलेले सहा डबे घेऊन मी डोहाळजेवणाला गेलो. काय ती माझी ऐट!

फोडण्याआधी डबा काडीने वाजवायचा, ही आमची पद्धत. आवाज खणखणीत तर माल चांगला, बद्द आला तर खराब. भर दुपारी ओसरीवर मी वाजवायला बसलो.

"पाव्हणं, डबं हायती का ढोलकं?" ताईची सासू म्हणाली. बायका खो खो हसल्या.

पाच झाले. सहाव्यावर टक टक टक केलं - तोही खणखणीत - आणि ताईने पोट धरलं.

"दत्ता... आतून कुणीतरी मारलं रे. तीनदा."

"आगं, लेकरू लाथा मारतंय, त्यात काय!" सासू म्हणाली.

मी पुन्हा पहिला वाजवला. काही नाही. मग सहावा, दोनदा. ताई किंचाळली, "दोनदा!" सासूने स्वतः तिच्या पोटावर हात ठेवला. मी एकदाच वाजवलं... म्हातारीने चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"उचल ते समदं. एक दाना न्हाई खायाचा हितं."

मी सहाही डबे पिशवीत भरले. इतका मी जन्मात घाबरलो नव्हतो.

परत आल्यावर कॉलेजात आमच्या सरांनी सगळे डबे फोडले. सहाव्यालाही ना वास, ना फेस. विष आहे का बघायला प्रत्येकातला थोडा रस एकेका उंदराला टोचला. सकाळी पाच उंदीर मजेत, सहावा मेलेला.

मी सहावा डबा उलटा केला. त्या डब्याच्या बुडाला दुसऱ्या घाण्याची खूण होती. पाच डबे एकत्र वाफवलेले, हा मागाहून एकटा. घरची गाडी चुकेल म्हणून मी त्याला अर्ध्या वेळातच बाहेर काढला होता.

"पूर्ण वेळ दिला होतास ना?" सरांनी विचारलं.

"हो, सर."

डबा का बिघडला ते मला कळतं. पोटातल्या जिवाला ते कसं कळलं?

भाची सुखरूप जन्मली. बारशाला ताईने तिला माझ्या मांडीवर ठेवलं. "मामाने वाचवलं हो तुला," म्हणाली.

तिलाही मी "हो" म्हणालो.