माइक, घोडे आणि अर्धा किलो खिळे

बसा, चहा टाकलाय. तो उकळेपर्यंत माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकून घ्या. कारण आज ना उद्या कर्जतच्या बाजारात तुम्हाला बबनतात्या भेटणार, आणि तो हीच गोष्ट सांगताना माझ्या पदरात दोन गाढवपणे जास्तीचे घालतो. अहो, खरे घडले तेवढे काय कमी आहेत?

माझं हार्डवेअरचं दुकान. खिळे, नळ, पाइप, पत्रे. घोड्याशी माझा संबंध म्हणाल तर लग्नात एकदा बसलो होतो तेवढाच. तोही भाड्याचा, आणि लगाम दुसऱ्याच्या हातात.

पण मला आयुष्यात एक गोष्ट मनापासून हवी होती. माइक!

भात झोडून शेतं मोकळी झाली की आमच्या गावात बैलगाड्यांची शर्यत होते. पंचक्रोशी लोटते. आणि या शर्यतीचा माइक वर्षानुवर्षं बबनतात्याच्या हातात. का? तर तो कमिटीचा अध्यक्ष. त्याची कॉमेंट्री कशी? "आली, आली, आली... ग्येली!" संपली कॉमेंट्री! बैल कोणाचे, पुढे कोण, मागे कोण, काही पत्ता नाही. आणि इकडे मी रोज न्हाणीघरात तांब्या तोंडाशी धरून अशी काही कॉमेंट्री करायचो की बायको बाहेरून दार वाजवायची. "अहो, शर्यत संपली असेल तर बाहेर या, गॅसवर दूध आहे!"

अशात प्रधानसाहेब आले. मुंबईच्या कंपनीतून निवृत्त होऊन त्यांनी कशेळे रस्त्याला फार्महाऊस बांधलं. ही मंडळी आमच्याकडे मोकळ्या हवेसाठी येतात आणि आल्या आल्या प्रत्येक खोलीत एसी बसवतात. बसवोत बापडे, त्याचे पाइप माझ्याच दुकानातून जातात.

प्रधानसाहेबांना घोड्यांच्या शर्यतीचा भारी नाद. पैसे लावायचे नाहीत, नुसता अभ्यास. कुठल्या वर्तमानपत्रातल्या कुठल्या जाणकाराने रविवारच्या शर्यतीत कुठला घोडा सांगितला, आणि प्रत्यक्षात कुठला आला, हे ताडून बघण्यात त्यांचा आठवडा जायचा. एका शनिवारी त्यांनी मला आणि तात्याला व्हरांड्यात चहाला बोलावलं आणि स्पर्धाच काढली. प्रत्येकाने एकेक जाणकार दत्तक घ्यायचा. शनिवारी त्याचे अंदाज सगळ्यांसमोर वाचायचे, रविवारी टीव्हीवर शर्यत बघायची. सीझनभर ज्याचे घोडे जास्त येतील तो जिंकला.

साहेबांनी 'अश्वमित्र' घेतला. तात्याने 'वायुवेग' घेतला, कारण त्याच्या फोटोत मिशी होती. साहेब मला म्हणाले, "शेठ, तुमचा कोण?"

आता इथे माझी जीभ घसरली. मी म्हटलं, "मला कशाला हवा जाणकार? आमचे पणजोबा सरदारांच्या पागेत होते. घोड्याची पारख आमच्या रक्तातच आहे. मी माझे मीच सांगेन."

पणजोबा मिठाची गाढवं हाकायचे. पण गाढवालाही चार पाय असतातच की नाही?

तात्याने बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "बरं. तुमी जिंकलात ना शेट, तर यंदाचा माईक तुमच्या हातात. आमच्यात म्हंत्यात, ज्येला जनावराची पारख, त्येनंच बोलावं."

ऐकलंत? माइक! मला गुदगुल्या झाल्या. आणि त्या गुदगुल्यांच्या भरात मी दुसऱ्याच दिवशी पुण्याचा एक पेपर सुरू केला, जो कर्जतमध्ये कोणी घेत नाही. त्यात 'दूरदृष्टी' नावाचा जाणकार होता. पेपर दुकानाच्या शटरखालून आत सरकवायचा, असं पेपरवाल्याला बजावलं. शनिवारी सकाळी रेसचं पान फाडायचं, पाठ करायचं, आणि संध्याकाळी व्हरांड्यात डोळे मिटून, कपाळाला बोट लावून, जणू पणजोबा कानात सांगताहेत अशा थाटात घोषित करायचं. "लेडी जास्मिन. अंतर तिला मानवणारं आहे. पाठीवर वजन कमी. सराव उत्तम."

आणि काय सांगू, तो दूरदृष्टी होताही पक्का! घोड्यामागून घोडा येत गेला. प्रधानसाहेब थक्क. "शेठ, हे तुम्हाला कळतं कसं?"

"आतून येतं," मी म्हणायचो. शटरखालून येतं, हे कसं सांगणार?

बरं, एवढ्यावर थांबावं ना? नाही! माझी कीर्ती पसरली. चौक गावच्या एका माणसाने मला लग्नाची घोडी दाखवायला नेलं. वरातीसाठी आणलेली. मी तिच्याभोवती फिरलो, एक खूर उचलायला गेलो, तिने लाथ उगारली, तेव्हा मी लांबूनच दूरदृष्टीच्या भाषेत निकाल दिला, "सुरुवात जोरात करील, पण शेवटच्या टप्प्यात मागे पडेल." झालं! वरात इतकी उशिरा पोचली की मुहूर्त टळला. उशीर झाला डीजेपुढे नाचणाऱ्या मामालोकांमुळे, पण नाव माझं झालं. लोक म्हणायला लागले, शेट बोलले आणि तसंच झालं!

मग तात्याने बाजाराला जायच्या गाडीचा आपला बैल आणला. मी म्हटलं, "जनावर चांगलं आहे, पण पाठीवर वजन जास्त होतंय."

तात्या म्हणाला, "म्हंजे माझं?"

मी गंभीरपणे मान हलवली. तात्याने पंधरवडाभर भात सोडला, हो! नुसती भाकरी खाल्ली. माझ्यामुळे एक माणूस उपाशी राहिला, आणि मला लाज वाटण्याऐवजी अभिमान वाटला. आता बोला.

सीझनचा शेवटचा शनिवार उजाडला. तात्या आणि मी बरोबरीत. गावची शर्यत तोंडावर आलेली. सकाळी मी शटर उघडलं, पान फाडलं, वाचायला सुरुवात करणार तोच दारात तात्या!

"शेट, मांडवाला खिळं पायजेत. अर्धा किलो द्या."

माझ्या हातात रेसचं पान. मी ते झटकन काउंटरवरच्या रद्दीच्या गठ्ठ्यात कोंबलं. घाम फुटलेला. खिळे तोलले, कागदात बांधले, तात्याला हातात दिले. तात्या आपला निवांत. "काय शेट, आज घामाघूम?"

"पणजोबा येतात सकाळी सकाळी," मी म्हटलं.

तो गेल्यावर मी रद्दीतून पान काढलं. तेच रकाने, तोच दूरदृष्टीचा चष्म्यातला फोटो. पाठ केलं आणि संध्याकाळी व्हरांड्यात जाऊन बसलो.

साहेबांनी अश्वमित्र वाचला. तात्याने वायुवेग वाचला. मग माझी पाळी. शेवटचा दिवस, म्हटलं जरा रंगवूया. उभाच राहिलो. "मोठ्या शर्यतीत एकच घोडा. स्काय मर्चंट! ऐन भरात आहे. असं तारुण्य मी घोड्यात पाहिलं नाही. हा घोडा नाही आला, तर मी माइकचं नाव काढणार नाही!"

प्रधानसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "कोण, म्हणालात?"

"स्काय मर्चंट."

"अहो शेठ, तो दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाला. पाय दुखावला होता. हल्ली माथेरानला असतो."

आता तरी गप्प बसावं? पण नाही. मी म्हटलं, "म्हणूनच! कोणाला अपेक्षा नाही, तिथेच तर तो बाजी मारणार. उंचावर सराव चाललाय त्याचा!"

"सराव कसला, पर्यटकांच्या पोरांना पाठीवरून पॉइंट दाखवतो तो," साहेब म्हणाले. "गेल्याच महिन्यात माझा नातू बसला होता त्याच्यावर. नाकातोंडात लाल माती घेऊन आला."

तात्याने शांतपणे सदऱ्याच्या खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. भोकं पडलेला. मांडीवर पसरला, हाताने सारखा केला. "शेट, खिळं यात बांधून दिलंत तुमी. पोराच्या ध्यानात आलं, शब्द समदं तुमचंच. ह्यो चष्म्यावाला कोन? तुमचं पनजोबा?"

म्हणजे बघा, ताजं पान मी स्वतःच्या हाताने तात्याला बांधून दिलं होतं, आणि पाठ केली होती पुण्याहून आणलेल्या गठ्ठ्यातली दोन वर्षं जुनी रद्दी! तारीख बघायची असते, हे कोणी सांगितलंच नाही मला. प्रधानसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. तात्या हसला नाही. त्याने विचारलं तेही फक्त एवढंच, "आन माझा भात?"

खरं सांगतो, तिथे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घोड्यांचं जाऊ द्या, त्या पंधरा दिवसांच्या भाकऱ्यांनी मी खाली मान घातली.

माइक गेला, हे उघड होतं. शर्यतीच्या दिवशी बायकोला स्कूटरवर मागे बसवून आलो आणि कोपऱ्यात उभा राहिलो. पण तात्या माणूस मोठ्या मनाचा. पहिल्या दोन फेऱ्या झाल्यावर त्याचा घसा बसला, आणि त्याने स्टेजवरून मला खूण केली. "या शेट. एवढी एक सूचना सांगा. नुसती वाचायची. कागदावर हाय त्येवढंच."

माझ्या हातात माइक! अख्खं रान गच्च भरलेलं, समोर बैल, धूळ, शिट्ट्या, कडेला बायकांची गर्दी. तात्या म्हणाला होता तेवढंच वाचायचं. पण माझ्यासारखा माणूस तेवढंच वाचेल का?

"सावधान!" मी गर्जना केली. "गाड्यांच्या वाटेत कोणीतरी निळी स्कूटर लावली आहे! कोण आहे हा शहाणा? बैलांना कळतं कुठून जायचं, याला कळत नाही! मंडळी, अशा माणसाची अक्कल कुठे चरायला गेली असेल?"

रान हसायला लागलं. शिट्ट्या! मला काय हुरूप आला म्हणता! "जिथे पाय ठेवायला जागा नाही, तिथे हा स्कूटर ठेवतो! सरळ शेतात, मधोमध! मी विचारतो, असल्या माणसाला घरची बायको सहन तरी कशी करत असेल?"

आता रान इतकं हसत होतं की बैलसुद्धा बिचकले. लोक माझ्याकडे बोट दाखवून हसत होते. मला वाटलं, काय कॉमेंट्री जमलीय! तात्या बाजूला तोंडाला उपरणं लावून थरथरत होता.

तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून, माझ्या ओळखीचा, रोज न्हाणीघराच्या दारावर ऐकू येणारा आवाज आला, आणि माइक नसतानाही तो पार शेवटच्या बांधापर्यंत पोचला:

"करतेय बाई कशीबशी! अहो, चावी टाका इकडे, मी काढते ती!"