अजून किती वर्षं तेच

मी नाशिक सोडलं त्या दिवशी बाबा मला विमानतळावर सोडायला आले नाहीत. रागावले वगैरे नव्हते. मला जर्मनीत नर्स म्हणून पाठवणाऱ्या एजन्सीने तिकीट काढलं आणि ते नेमकं आमच्या गावच्या स्मृतिदिनावर आलं. त्या दिवशी बाबा दुसरीकडे कुठेही नसतात. एरवी कुठल्याही दिवशी ते आले असते, पण जानेवारीतल्या त्या एका दिवशी नाही.

जेलरोडच्या आमच्या घरून आम्ही सगळे एकाच गाडीत निघालो. नाशिकच्याच द्वारका चौकात बाबा उतरले. तिथे चांदवडकडे जाणारी भाड्याची क्रूझर जीप त्यांची वाट बघत उभी होती. आत तीन-चार म्हातारी माणसं स्वेटर-मफलर घालून बसली होती, बाकीच्या सीटा रिकाम्या. आमची गाडी मुंबईकडे वळणार होती आणि त्यांची उलट्या दिशेला. बाबांनी खिडकीतून हात आत घालून माझ्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "तिकडं कोणी विचारलं कुठली, तर नुसतं नाशिक सांगू नको. गावाचं नाव सांग." आईने तोंड फिरवलं. तिला वाटलं होतं, आज तरी ते दुसरं काही बोलतील.

तिकडे मला कुणी इंडियाच्या पुढे विचारलं नाही.

आता तुम्हाला, म्हणजे गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारखं लांब निघून गेलेल्यांना, हे सगळं परत सांगायला नको. पण आपल्यातल्या धाकट्या मुलांना माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. बाबा दहा वर्षांचे असताना आपल्या लोकांनी गावाबाहेरचं गायरान कसायला घेतलं होतं. गावातल्या काही जणांना ते सहन झालं नाही. एका थंडीत त्यांनी वस्ती पेटवली. बाबांची आजी, शेजारचं एक लहान मूल आणि बाबांची मोठी बहीण सिंधू, तिघं आतच राहिली. सिंधूआत्या तेव्हा चौदा वर्षांची होती. ती बाहेर आली होती, पण आजीला आणायला परत आत गेली. खटला खूप वर्षं चालला, साक्षीदार फिरले आणि सगळे सुटले. आमचं कुटुंब नाशिकला आलं. बाबांचे चुलतभाऊ, आप्पाकाका, यांचं घर टोकाला होतं म्हणून वाचलं. ते गावातच राहिले.

लहानपणी मला तो दिवस सहलीसारखा वाटायचा. नाशिकहून भरलेला ट्रक निघायचा. जिथे वस्ती होती तिथे बाबांनी आणि इतरांनी वर्गणी काढून एक चबुतरा बांधला होता. तिथे मेणबत्त्या लावायच्या, त्रिशरण म्हणायचं, तिघांची नावं घ्यायची. मग बाबा उभे राहून ती रात्र सांगायचे. दरवर्षी तेच शब्द. "पहिल्यांदा कुत्री भुकली," असं सुरू व्हायचं, आणि मला पुढचं सगळं पाठ असायचं. मग खिचडी. आजूबाजूच्या वावरांत बायका कांद्याची लागण करत असायच्या. आमचा ट्रक आला की त्या मान वर करायच्या नाहीत, वाकलेल्याच राहायच्या.

ट्रकचा टेम्पो झाला आणि टेम्पोची क्रूझर. पोरांना सुट्टी मिळेना, म्हाताऱ्यांना प्रवास झेपेना. कुणी भांडून गेलं नाही. येणं नुसतं कमी होत गेलं.

जर्मनीत मी ज्या लहानशा गावात आहे, तिथल्या वृद्धाश्रमात माझी नोकरी आहे. पहिलं वर्ष भाषेतच गेलं. गुडघ्याला काय म्हणतात, गिळायला काय म्हणतात, 'दुखतंय' किती प्रकारांनी सांगतात. ज्यांच्यामुळे मी ती भाषा खरी शिकले त्या फ्राऊ एल्सनर. रूथ एल्सनर. मनातल्या मनात मी त्यांना रूथआजी म्हणायचे. नव्वदीला टेकलेल्या, अंगाने चिमणीएवढ्या. त्यांना सकाळी अंघोळ घालताना मी चुकीचं व्याकरण बोलले की त्या डोळे मिटूनच दुरुस्त करायच्या.

रूथआजी ज्यू होत्या. त्याच गावात त्यांच्या वडिलांचं चामड्याच्या वस्तूंचं दुकान होतं. त्या पाच वर्षांच्या असताना एका सकाळी त्यांच्या आईवडिलांना घरातून नेलं. रूथला ताप होता म्हणून ती शेजारणीकडे झोपलेली होती. शेजारणीने तिला नेणाऱ्यांच्या हाती दिलंच नाही, लांबच्या एका शेतावर पोचवलं. आईवडील परत आले नाहीत. त्यांच्या घरासमोर फुटपाथमध्ये आता दोन छोट्या पितळी फरशा बसवल्या आहेत, वर दोघांची नावं. नोव्हेंबरात गावातली माणसं तिथे जमतात, पितळ घासून चकचकीत करतात, मेणबत्त्या लावतात. रूथआजी कित्येक वर्षं शाळांमधून जाऊन आपली गोष्ट सांगत असत. मी आले तोवर शाळांनी बोलावणं कमी केलं होतं, नंतर बंदच केलं.

हे मला योनासने सांगितलं. योनास माझ्या पाळीतला मुलगा, तिथलाच, पंचविशीचा. रूथआजींचे पाय चोळून द्यावेत ते त्यानेच, इतका हळुवार. जेवायच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, तू नोव्हेंबरात जातोस का तिथे? तो सँडविच चावत म्हणाला, "शाळेत पाचवीपासून तेच शिकवलं. इतिहासात तेच, जर्मनच्या तासाला तेच, सहल काढली तीही छळछावणीलाच. मला कंटाळा आला, वैशाली. वाईट झालं, मान्य आहे. पण मी काय केलंय? अजून किती वर्षं तेच?"

हे वाक्य मी ऐकलेलं होतं. आमच्या गावच्या सरपंचाकडून, जेलरोडच्या आमच्याच शेजाऱ्यांकडून, माझ्या भावाकडून. शब्द वेगळे, पण आवाजाची ती दमलेली पट्टी अगदी तीच. योनासचा मला राग आला नाही, आणि राग येत नाही याचंच वाईट वाटलं.

त्या नोव्हेंबरात व्हीलचेअर ढकलत मीच रूथआजींना घेऊन गेले. त्या घराखाली आता कॅफे आहे. बाहेरच्या खुर्च्या फरशांवर आल्या होत्या, त्या वेटरने जरा नाराजीनेच सरकवल्या. माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, जवळजवळ सगळी पिकल्या केसांची. एका बाईंनी भाषण वाचलं. विसरता कामा नये, पुन्हा घडता कामा नये. थंडीत सगळे पाय हलवत उभे होते. रस्त्याने जाणारा एक माणूस बरोबरच्या बाईला म्हणाला, "हे अजून चालू आहे?" तो हळू बोलला, पण मला कळलं, म्हणजे रूथआजींनाही कळलं असणार.

परतताना मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"कंटाळा मलाही येतो," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं फक्त ऐकणाऱ्यांना येतो. मी ती सकाळ इतक्या वेळा सांगितली की आता मला आई आठवत नाही. गोष्ट आठवते. आईने मला शेजारणीकडे सोडताना काय म्हटलं, ते मी शाळेत सांगायचे. पण ते तिने म्हटलं होतं की मुलांना समजावं म्हणून मीच कधीतरी घातलं, हे मला माहीत नाही. आणि विचारू कुणाला?"

मी व्हीलचेअर उभी केली. मी विचारलं, "तुमची आई एरवी कशी होती? त्या सकाळच्या आधी?"

त्या म्हणाल्या, "हे मला शाळेत कुणी विचारलं नाही." आता विचारलं तरी सांगण्यासारखं त्यांच्याकडे उरलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी बाबांना फोन केला. एरवी आमचं बोलणं ठरलेलं. जेवलीस का, थंडी किती, पगार झाला का. मी म्हटलं, "बाबा, सिंधूआत्या कशी होती?"

"कशी म्हंजे? आजीला आणायला ती परत आत गेली, अन्..."

"ते माहीत आहे. त्याच्या आधी. काय खायची, कुणाशी भांडायची."

बाबा म्हणाले, "तुझ्या आईला देतो," आणि फोन खरंच आईकडे दिला. आई म्हणाली, "काय विचारलंस गं त्यांना? बाहेर जाऊन बसलेत."

पुढच्या जानेवारीत मी रजा घेऊन घरी आले. त्या वर्षी क्रूझर केलीच नाही, बरोबर यायला कुणी उरलं नव्हतं. बाबा आणि मी एसटीने चांदवडला उतरलो आणि तिथून रिक्षाने गावात गेलो. गावचा रस्ता रुंद केला होता. चबुतरा रस्त्यात येत होता, म्हणून तो फोडून त्यातला नावांचा दगड बाजूच्या बांधाला टेकवून ठेवला होता. बाबांना कुणी कळवलं नव्हतं. ते दगडाकडे बघत उभे राहिले. मग रुमालाने त्यावरची धूळ पुसायला लागले.

तेवढ्यात गावाकडून आप्पाकाका चालत आले. इतक्या वर्षांत ते त्या दिवशी कधीच आले नव्हते. बाबांनी त्यावरून त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

"तू तरी सांगायचं होतं, आप्पा," बाबा म्हणाले.

"सांगून काय केलं असतं, दादा? भांडला असता. अन् संध्याकाळच्या गाडीनं नाशिकला गेला असता." आप्पाकाका बांधावर बसले. "तुमी वरसातून एकदा येता, मेणबत्त्या लावता, सगळं उकरून ठेवता अन् जाता. मग वरसभर त्यांच्या दुकानातून मीठ आमी आणायचं. त्यांच्या ट्रॅक्टरवर आमी जायचं. त्यांची नातवंडं माझ्या नातवंडांबरोबर शाळेत हायेत. मी काय इसरलो असं वाटतं तुला? माझा वावराचा रस्ताच हा हाय. मी रोज इथून जातो."

बाबा काकांच्या शेजारी बसले. दोघांच्या मध्ये मेणबत्त्यांचा पुडा तसाच पडून होता. वाऱ्याने त्या पेटल्याही नसत्या.

मग बाबांनीच विषय काढला. "ही विचारत होती, सिंधू कशी होती म्हणून."

"लय भांडखोर," आप्पाकाका लगेच म्हणाले. "माझ्या बोरांवर डोळा असायचा तिचा. डाव्या हातानं दगड मारायची, नेम चुकायचा नाय."

"डावा कुठला, उजवा."

"डावाच. भाकरी पण डाव्या हातानं थापायची. आजी ओरडायची तिला."

"भाकरी ती थापायचीच नाय. आई थापायची. तू काय सांगतो?"

"तू शाळेत असायचा दादा. मी घरी असायचो."

दोघं वाद घालत राहिले. ती उंच होती की बुटकी. गाणं म्हणायची की नुसती गुणगुणायची. बाबांच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा सिंधूआत्याबद्दल असं काही ऐकत होते ज्यात आग नव्हती. मध्येच बाबा म्हणाले, "मला तिचा हात आठवतच नाय रे, आप्पा. कोणता हात ते आठवत नाय." काकांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि दोघं वावराकडे बघत बसून राहिले. लागणीच्या बायका वाकलेल्या होत्या. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. चालवणाऱ्याने काकांना हात केला आणि काकांनीही त्याला हात केला.

एसटीत बाबा म्हणाले, "पुढल्या वर्षी मी नाय येणार." का, ते मी विचारलं नाही. हरल्यासारखे नव्हते बोलले, पण सुटल्यासारखेही नाही. दमलेले होते.

मी परत कामावर रुजू झाले तेव्हा रूथआजींच्या खोलीत दुसऱ्या कुणाचं तरी सामान लागलं होतं. माझ्या रजेत त्या गेल्या होत्या, झोपेतच. शेवटचे दोन दिवस योनास त्यांच्याजवळ होता. तो म्हणाला की त्या काहीतरी बोलत होत्या, पण ते लहान मुलांचं बोलणं होतं, अर्थ लागला नाही. पुढच्या नोव्हेंबरात तो फरशा घासायला आला. आला म्हणजे बदलला असं नाही. मीच बोलावलं होतं म्हणून आला, आणि लवकर गेला.

आता मला कुणी विचारलं की तुझं घर कुठलं, तर पटकन उत्तर सापडत नाही. जेलरोडची खोली भावाने पाडून बांधायला काढली आहे. गावात चबुतरा नाही. इथे फ्लॅट आहे, हीटर आहे, दारावर माझं आडनाव आहे आणि ते कुणाला नीट वाचता येत नाही. रूथआजींच्या आईबद्दल मी आज इथे काहीही सांगितलं, अगदी खोटंसुद्धा, तरी "असं नव्हतं" म्हणणारं या गावात कुणी उरलेलं नाही. सिंधूआत्याबद्दल मी चुकीचं बोलले तर मला अडवणारी दोन माणसं अजून आहेत. एक जेलरोडला, एक गावात. दोघांचं एकमेकांशी पटत नाही आणि दोघांची तब्येत बरी नसते. ती आहेत तोवर मला घर आहे.