तीन ओळींचा नकार

भाऊ चहा नाकारायचे तोही तीन ओळींत. "चहा नको. पित्त झालंय. उद्या इचार." औरंगपुऱ्यातल्या आमच्या लहानशा ऑफिसात ते सगळ्यांत वडीलधारे. मंगल कार्यालयांच्या तारखा फोनवरून राखून देणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. त्यातल्या एपीआयनं, म्हणजे ॲपला उत्तरं देणाऱ्या भागानं, 'नाही' कसं म्हणायचं हे ठरवणं भाऊंनी आयुष्याचं काम मानलं होतं.

ते येण्याआधी आमच्याकडे प्रत्येकाचा एरर, म्हणजे नकाराचा संदेश, वेगळा. कुणाचा नुसता आकडा, कुणाचा इंग्रजी निबंध, एकाचा तर 'अरे देवा'. "नाय म्हणायची बी रीत असती," भाऊ कडाडायचे. "काय झालं, का झालं, आता काय करायचं. कायम ह्याच क्रमानं. समोरच्याला लटकत ठेवायचं नाय!"

हे वेड ऑफिसापुरतं राहिलं असतं तर भाऊ कसले! गुलमंडीत साडी पसंत पडली नाही की दुकानदाराला ऐकवायचे, "नको. पदर मळकट दिसतो. उजेडात दाखवत जा." रेवा ही त्यांची एकुलती लेक. तिला आलेली स्थळंही अशीच परत जायची. एका मुलाला तर तिसऱ्या ओळीत व्यायाम सांगितला होता. आम्ही पोट धरून हसायचो, पण भाऊंवर आमचा फार जीव होता.

रेवाचं जमलं तेव्हा करमाडजवळचं कार्यालय भाऊंनी अर्थातच आमच्या ॲपवरून घेतलं. मालकाला एक फोन करा म्हटलं तर भडकले. "सॉफ्टवेअर आपलं, अन् इचारायचं दुसऱ्याला?" पण तो मालक आमच्याकडे नवा होता. त्याचं जुनं सॉफ्टवेअर आम्ही नुकतंच जोडून घेतलं होतं, आणि त्याची नाही म्हणायची तऱ्हा अशी, की वर हिरवी खूण, 'यशस्वी', आणि खाली बारीक अक्षरांत 'तारीख आधीच दुसऱ्याला दिलेली आहे'. भाऊंनी खूण पाहिली आणि फोन खिशात टाकला.

लग्नाच्या सकाळी आम्ही पोचलो तर मांडवात दुसरीच नवरी बसलेली. आमचा बँडवाला त्यांच्या वरातीपुढे जीव तोडून वाजवत होता, आणि आमचे निम्मे पाहुणे त्यांचा नाश्ता करून ढेकर देत होते. तेवढ्यात रेवाच्या सासरची गाडी आली. रेवाचा चेहरा पांढराफटक. ही माणसं आल्या पावली परत गेली, तर लग्न मोडल्यातच जमा होतं. भाऊ व्याह्यांसमोर हात जोडून उभे राहिले.

"मांडव दुसऱ्याचा हाय," ते म्हणाले. "आमच्या प्रोग्रामनं नायला व्हय म्हटलं." आणि थांबले.

"आता काय करायचं म्हंता?" व्याहीच बोलले. "त्यांचं लागू द्या आधी. आपलं त्याच मांडवात मागून लावू. त्यांच्या नवरीचा मामा आमच्या पाव्हण्यातला हाय, मी बोलतो त्याला."

मामा कबूल झाला. दोन्ही लग्नांना दोन्हीकडच्यांनी अक्षता टाकल्या. आहेरांची सरमिसळ मात्र आम्ही अजून निस्तरतोच आहोत.

संध्याकाळी रेवाची गाडी जालना रस्त्याला लागली. सगळे पांगले तरी भाऊ फाटकाशीच उभे. मी जवळ गेलो.

"पोरगी गेली," ते म्हणाले. "लग्न झालं म्हणून गेली."

मग तिसऱ्या ओळीसाठी माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांचा हात घट्ट धरला, आणि आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो.