टाचेचा हुकूम

भोर संस्थानाच्या साऱ्या इतिहासात टेनिसचा फोरहँड मुळापासून समजलेला पुरुष एकच होऊन गेला, आणि तो म्हणजे माझे मामेसासरे. हे विधान मी निर्धास्तपणे करतो, कारण ते खोडून काढायला कोणी उरलेले नाही. संस्थानात टेनिस खेळणारे मोजून दहाबारा असामी होते आणि मामा त्यांच्यात नव्हते. ते बांधकाम खात्यात नकाशे काढीत. नकाशे काढणाऱ्याची रेघ सरळ असते, एवढ्या आधारावर नीरेकाठच्या टेनिस कोर्टावर दर शनिवारी चुन्याच्या रेघा मारायचे काम त्यांच्याकडे आले आणि वीस वर्षे राहिले. मुरमाची जमीन शेणाने सारवून वाळली की मामा दोरी लावून रेघा मारीत, आणि रेघा मारून झाल्या की कुंपणाबाहेर जाऊन उभे राहत. मग अधिकारी मंडळी आत येत. वीस वर्षे एकाच गोष्टीकडे बघत राहिलेल्या माणसाला एकतर तिचा कंटाळा येतो किंवा ती समजते. मामांना समजली.

चेंडू हाताने मारतात, ही त्यांच्या मते अडाणी लोकांनी उठवलेली अफवा होती. चेंडू टाचेने मारतात. उजव्या टाचेतून हुकूम निघतो, तो गुडघ्याकडे जातो, गुडघा तो कमरेला देतो, कंबर वळली की खांद्याला मिळतो, खांद्याकडून कोपर, कोपराकडून मनगट. "हात हा शेवटचा कारकून, जावईबापू. त्याने फक्त सही करायची." मधल्या कोणी कागद दाबून ठेवला तर चेंडू जाळ्यात, आणि टाचेचा हुकूम यायच्या आधीच कमरेने घाई केली तर चेंडू नीरेच्या पात्रात. कुठल्याही कचेरीत कागद वरून खाली येतो, फोरहँडमध्ये तो खालून वर जातो, म्हणून हा खेळ संस्थानिकांपेक्षा रयतेला जास्त शोभतो, असेही ते म्हणत. अर्थात विलीनीकरण झाल्यानंतर. याविषयी त्यांची एक वही होती. तीत माणसाचे शरीर बंगल्यासारखे काढलेले असे, समोरून, वरून आणि कापून. मी हायस्कुलात शिकवीत होतो आणि डबल्सला चौथा माणूस लागतो एवढ्या कारणावरून क्लबात होतो, त्यामुळे नमुना म्हणून त्यांना मीच सोयीचा पडलो. माझ्या उजव्या गुडघ्याचा छेद त्या वहीत बाणांसह आहे. जिज्ञासूंना दाखवता येईल.

रॅकेट त्यांच्याकडे नव्हती. ते मामींच्या धुण्याच्या धोपाटण्याने सराव करीत. परसात तिरके उभे राहायचे, डावा खांदा समोरच्या पेरूकडे, धोपाटणे मागे आणि थोडे खाली. मग उजव्या टाचेवरचे वजन डाव्या पायावर सरकवीत कमरेचा एक झोका, आणि धोपाटणे हवेतून डाव्या खांद्यावर जाऊन थांबायचे. मामी धुण्याची बादली घेऊन शांतपणे वाट बघत. "झाला का हुकूम? मग द्या हिकडं. चादरी पडल्यात."

त्यांचे बघणे घरापुरते नव्हते. रस्त्याने चालताना ते लोकांच्या पायांकडे बघत, आणि त्यामुळे भोरमधल्या पुष्कळ प्रतिष्ठित लोकांचा असा समज होता की मामा त्यांच्यापुढे नम्रपणे मान खाली घालतात. एकदा वेल्ह्याच्या बाजूला एक धनगर शेळ्यांसाठी फांद्या तोडत होता. मामा अर्धा तास त्याच्या कुऱ्हाडीपेक्षा त्याच्या वहाणांकडे बघत राहिले आणि शेवटी त्यांनी विचारले, घाव घालताना तुमचं वजन कुठं असतं? धनगराने त्यांना आपादमस्तक न्याहाळले. "माजं व्हय? माज्याजवळच असतंय की." मामांनी हे उत्तर वहीत उतरून घेतले आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

पण सराव वाढला तसा त्यांचा दंड दुखू लागला, आणि हे वाईट होते, कारण सिद्धांताप्रमाणे टाच दुखायला हवी होती. त्या वर्षी दिवाळीनंतर, भात झोडणाऱ्यांचे हात बघायला, ते मला घेऊन डोंगरातल्या हिर्डोशी गावी गेले. गाडी जाईल तिथवर गाडीने, पुढे पायी. भाताची झोडणी चालली होती. एक म्हातारी कमरेला पदर खोचून फळीवर पेंढ्या आपटीत होती, सकाळपासून, आणि तिच्या चेहऱ्यावर श्रमाचे चिन्ह नव्हते. मामांनी एक पेंढी मागून घेतली. चार वेळा आपटली आणि दंड धरला. म्हातारीला आमची दया आली असावी. "हातानं झोडताय म्हनून हात दुखतुया, दादा," ती म्हणाली. "पायानं झोडा." मामांनी माझ्याकडे बघितले. मोठमोठ्या लोकांना मानपत्रे स्वीकारताना मी पाहिले आहे. इतका कृतार्थ चेहरा त्यांच्यात एकाचाही नव्हता. परतताना घाट उतरून सपाटी लागल्यावर ते एवढेच म्हणाले की आपण क्लबाकडे अर्ज करणार आहोत. वय साठीला आले होते. चेंडू हलत असताना एकदा तरी आपण रेघांच्या आतल्या बाजूला असावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

क्लब तेव्हा एका नव्या साहेबांच्या हातात होता. ते पुण्याहून बदलून आले होते. कुठल्या खात्याचे ते सांगत नाही, सगळ्याच खात्यांना आपलेसे वाटतील. त्यांचा फोरहँड निव्वळ मनगटाचा होता आणि चेंडू हटकून मागच्या रेघेच्या किंचित बाहेर पडे. असे झाले की ते रॅकेटकडे हाताखालच्या माणसाकडे बघावे तसे बघत. मामांचा अर्ज वाचून ते हसले. वाईट हसले नाहीत. पेन्शनरांना, त्यातून नकाशे काढणाऱ्यांना, घ्यायचे की नाही याविषयी नियम नव्हता, आणि नियम नसला की साहेब लोक दिलदार होतात. "माझ्याकडून एक गेम घ्या," ते म्हणाले. "घेतलात तर उद्यापासून मेंबर."

पंच मी होतो. मामांच्या हातात माझी रॅकेट होती आणि पायात माझेच कॅनव्हासचे बूट, दोन नंबर मोठे, पुढे कागद कोंबलेले. सर्व्हिस साहेबांची होती. पहिले दोन गुण साहेबांना गेले. मग मामा जाळ्याजवळ येऊन अदबीने म्हणाले, "हुकूम बुटात अडकतोय. काढू का?" साहेबांनी मान हलवली. मामांनी बूट काढून माझ्या स्टुलाखाली जोडीने ठेवले आणि अनवाणी जाऊन उभे राहिले. त्यानंतर साहेबांचे दोन फोरहँड नेहमीप्रमाणे रेघेच्या जरा बाहेर पडले, एकदा त्यांच्या दोन्ही सर्व्हिस जाळ्यात गेल्या, एक गुण त्यांनी कमावला, आणि बरोबरी होऊन पुढचा गुणही त्यांच्याच चुकीने मामांकडे आला. आता एक गुण मिळाला की गेम, आणि गेम मिळाला की क्लब.

चेंडू मामांच्या उजव्या हाताला आला. कमरेइतका उंच, जणू वहीतून काढून पाठवलेला. मामा तिरके झाले. टाच दबली, गुडघा वळला, कंबर फिरली, खांदा आला आणि अगदी शेवटी, काही काम नसल्यासारखा, हात आला. तो आवाज मला आजही ऐकू येतो. साहेबांनी रॅकेट उचलली तोवर चेंडू त्यांच्या मागे गेला होता. त्यांनी वळून माझ्याकडे बघितले. त्यांना काही दिसले नव्हते आणि मलाही नीटसे नाही. तरी मी 'आत' म्हणणार होतो. तोंड उघडले होते. तेवढ्यात मामा जाळ्याला वळसा घालून पलीकडे गेले, मागच्या रेघेपाशी उकिडवे बसले आणि सारवणावर उमटलेला चेंडूचा डाग आणि रेघ यांच्यामध्ये त्यांनी बोटे ठेवली.

"बाहेर," ते म्हणाले. "चार बोटं."

पुन्हा बरोबरी झाली, आणि पुढचे दोन गुण साहेबांनी सहज घेतले, त्यांबरोबर गेमही.

घरी येताना आम्ही नीरेच्या कडेने चाललो होतो. मामांनी सांगितले की मागच्या दोन्ही रेघा नऊ नऊ इंच आत आहेत. संस्थानातल्या एका बड्या असामीचे गुडघे दुखत, धावणे कमी व्हावे म्हणून कोर्ट गुपचूप तोकडे करायला त्यांनी सांगितले होते. ते गेले, संस्थान गेले, रेघ तिथेच राहिली. म्हणजे मामांचा चेंडू मोजमापाने आतच होता. मी रागावलो. आत्ताच परत जाऊ आणि टेप लावून दाखवू, असे मी म्हणालो.

"साहेबांचे दोन चेंडूही त्याच नऊ इंचांत पडले होते," मामा म्हणाले. "ते मी गुपचूप घेतले. मग माझा एकटा कसा सोडवून आणू?" थोडे चालल्यावर ते पुन्हा म्हणाले, "रेघ चुकीची आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. हुकूम वरून आला. तिथं माझाच हात शेवटचा कारकून होता, जावईबापू."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टेप लावून दोन्ही रेघा जागेवर नेल्या. कोणाच्या लक्षात आले नाही. अर्ज विचाराधीन राहिला आणि मामा पुन्हा खेळले नाहीत. शनिवारी रेघा मारायला मात्र जात आणि मग कुंपणाबाहेर उभे राहत, पूर्वीसारखेच. धोपाटणे मामींकडे कायमचे परत गेले. आता मामाही नाहीत. वही माझ्याकडे आहे. तिच्या शेवटच्या पानावर एका अनवाणी उजव्या पावलाचे चित्र आहे, टाच तेवढी गडद केलेली, आणि शेजारी बारीक अक्षरात: चार बोटे.

साहेबांची बदली झाली तेव्हा निरोपाच्या समारंभात त्यांनी भोरच्या हवापाण्याचे मनापासून आभार मानले. इथे आल्यावर चिंतन, शिस्त आणि नियमित व्यायाम यांमुळे आपला फोरहँड कमालीचा सुधारला आणि बाहेर जाणारे चेंडू आत पडू लागले, असे त्यांनी सांगितले. टाळ्या झाल्या. मामांनीही वाजवल्या. सुधारणा नऊ इंचांची होती.